माळावरची आई आणि बीपीचा कागद

सकाळी साडेनऊपर्यंत रागिणीने माय एकटी सापडावी म्हणून चार वेळा प्रयत्न केला होता. पहिल्या वेळी सिंधूबाई चुलीपुढे होती आणि पुरण वाटायला गल्लीतल्या सहा बाया बसल्या होत्या. दुसऱ्या वेळी ती न्हाणीत होती. रागिणीने दाराबाहेरून "माय, एक इचारायचं हाय" म्हटलं, तर आतून "डोस्कं धुवून राहिले, मंग" एवढंच आलं. तिसऱ्या वेळी ती मेंढ्यांच्या वाड्याकडे एकटी निघाली, पण तिथे अप्पा, म्हणजे रागिणीचे वडील मल्हारी, उभे होते. चौथ्या वेळी रागिणीचा धाकटा भाऊ परमेश्वर आडवा आला आणि मंडपाच्या खांबाला हिरवी साडी नेसवायची की नुसती गुंडाळायची, यावर ताईचं मत घ्यायला तिला घेऊन गेला.

माघातला दुसरा मंगळवार होता. साखरा गावात त्याला 'आईचा दिवस' म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी या दिवशी सिंधूबाईच्या अंगात माळावरची आई आली आणि त्याच दिवशी रागिणी जन्मली. यातली दुसरी घटना गावाच्या लक्षात राहिली नव्हती. रागिणीच्या वाढदिवसाला दरवर्षी दीड-दोनशे माणसं जेवून जात आणि त्यातलं एकही तिला काही म्हणत नसे.

आज ती बारा आठवडे आणि दोन दिवसांची गरोदर होती. तिसरा महिना सरेपर्यंत ही गोष्ट तोंडातून काढायची नाही, अशी घरची रीत. ती सगळ्यांनी पाळली होती. तिच्या नवऱ्याने, ग्यानोबाने, ती फक्त परमेश्वरला सांगितली, कुणाला न सांगण्याच्या शपथेवर. परमेश्वरने आजीला सांगितली, आजीने मल्हारीला, मल्हारीने सिंधूबाईला, आणि सिंधूबाईने थेट रागिणीलाच फोन करून "तुला म्हणून सांगून राहिले, कोणाजवळ बोलू नको" असं बजावलं होतं.

रागिणीच्या पर्समध्ये एक कागद घडी घालून ठेवलेला होता. मागच्या शुक्रवारी हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन घेतलं, दोन्ही दंडांवर बीपी मोजलं, सोनोग्राफीत गर्भाशयाकडे जाणारा रक्ताचा प्रवाह बघितला, एका नळीत रक्त काढून पाठवलं. पुढे जाऊन हिचं बीपी वाढेल का, आई आणि लेकरू दोघांच्या जिवावर येईल का, याचा अंदाज आत्ताच, तिसऱ्या महिन्यात, काढता येतो म्हणाल्या. सोमवारी त्यांचा फोन आला. आकडा काठावर होता. कागदावरचा एक रकाना रिकामा होता, तो भरला की इकडे का तिकडे ते ठरणार होतं.

रकान्यात लिहिलं होतं: गरोदरपणात आईला रक्तदाब किंवा झटके. होय, नाही, माहीत नाही.

"'माहीत नाही'वर खूण करून आणू नका," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. "आई जिवंत आहे ना? मग विचारा. बुधवारी कागद घेऊन या. 'होय' असेल तर रोज झोपताना एक छोटी गोळी सुरू करू. ती आत्ता सुरू केली तर उपयोगाची. बीपी चढल्यावर दिली तर नाही."

"झटके म्हंजी कसे असतात?" रागिणीने विचारलं होतं.

"डोळे वर जातात. दातखीळ बसते. हातपाय झाडतात. तोंडाला फेस येतो."

रागिणीने मोबाईल कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं होतं. हे वर्णन तिला पाठ होतं. दर माघात तिची आजी, रुख्मिणीबाई, मंडपात बसून माळावरची आई सुनेच्या अंगात कशी आली ते सांगायची. डोळे, दात, हातपाय, फेस. क्रमसुद्धा तोच.

*

परमेश्वरची अडचण वेगळी होती. मंडपात यंदा दोन रांगा लागल्या होत्या.

पहिली रांग दरवर्षीची. सिंधूबाई अकराला पाटावर बसणार आणि बाया एकेक करून आपलं गाऱ्हाणं आईपुढे मांडणार. दुसरी रांग मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, ग्यानोबापुढे. ग्यानोबाचं जवळा बाजारला मोबाईलचं दुकान होतं. डॉक्टरीणबाईंनी घरी बीपी मोजत जा म्हटल्याबरोबर त्याने दंडाला पट्टा बांधायचं यंत्र आणलं होतं आणि सासरवाडीला येताना ते सोबत घेतलं होतं. बायकोचं मोजताना ते दोन जणांनी बघितलं. साडेदहाला त्याच्यापुढे तेवीस माणसं उभी होती. आईच्या रांगेत एकोणीस.

"आधी पाच मिनिटं गुपचूप बसायचं," ग्यानोबा प्रत्येकाला सांगत होता. "बोलायचं न्हाई. पाय जमिनीला टेकवायचे."

साखऱ्यात पाच मिनिटं गुपचूप बसू शकेल असा माणूस अजून सापडला नव्हता. सर्वांत लांब टिकलेला माणूस एक मिनिट चाळीस सेकंद टिकला, आणि तोही कारण त्याला डुलकी लागली.

"माझं एकशे अठ्ठेचाळीस आलं," एकजण मंडपभर सांगत फिरत होता. "तुझं?"

"एकशे बावीस."

"बस्स? खातपीत जा जरा."

परमेश्वर दाजींच्या कानाशी वाकला. "दाजी, आज आईचा दिवस हाय का तुमचा?"

"लोक थांबून राहिले तर मी काय करू, परमेश्वर? हे बघ, तुझंबी मोजू का?"

"माझं मोजू नका. चढलेलंच हाय."

ते खरं असावं. परमेश्वर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तीन नंबरच्या वॉर्डातून उभा होता. मंडपाच्या दारावर त्याचा फोटो, त्याच्यावर माळावरच्या आईच्या शेंदरी दगडाचा फोटो आणि मधे 'आईचा आशीर्वाद' असं लिहिलेला फलक होता. यंदा जेवणावळही त्याने वाढवली होती. या सगळ्यात रागिणीताई सकाळपासून पर्स काखेत धरून मायच्या मागे का फिरतेय, हे त्याला कळलं नव्हतं. कळायला वेळही नव्हता.

अकरा वाजून दोन मिनिटांनी हलगी वाजली. सिंधूबाई केस मोकळे सोडून, कपाळभर हळद लावून पाटावर बसली आणि डुलू लागली.

माळावरच्या आईची एक खासियत पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती. तिचा सल्ला नेहमी एकाच वळणाचा असायचा. कोणाची म्हैस आटली, कोणाचा जावई बोलत नाही, कोणाची पिशवी सापडत नाही, यांवर ती चार शब्दांत मोकळी व्हायची. पण पोटुशी बाई पुढे आली की आई सावरून बसायची आणि म्हणायची, "नाव नोंदव. दर महिन्याला बीपी मोज. पायावर सूज आली, डोस्कं ठणकलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर माझ्याकडं येऊ नको, दवाखान्यात जा." गावातली आशाताई देवधर्माला फारशी मानत नव्हती, पण या पाटाला नमस्कार करत होती. गरोदर बायांच्या नोंदणीत साखरा गाव तालुक्यात वर होतं.

एवढी नेमकी देवी गावाला कशी मिळाली, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

रागिणी आईच्या रांगेत विसावी उभी राहिली.

*

डोळे मिटलेले असले तरी सिंधूबाईला लेकीच्या पैंजणांचा आवाज ओळखू आला. तिने डुलणं जरा वाढवलं.

तिला सकाळपासून ठाऊक होतं, रागिणी काय विचारणार ते. काल संध्याकाळी जावयाने फोनवर "मामी, तुमच्या वेळी काही तकलीफ होती का?" असं विचारलं तेव्हा तिने मेंढी सुटल्याचं सांगून फोन ठेवला होता. मेंढी सुटलेली नव्हती.

सव्वीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या खाटेवर ती शुद्धीवर आली तेव्हा शेजारी फक्त एक डॉक्टर होता. त्याने साध्या शब्दांत सांगितलं होतं, बाई, तुझं बीपी वाढलं होतं, त्याने झटके आले, पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून सांग. ती घरी आली तर दारात आरती. सासूने गावभर सांगून ठेवलं होतं, आई आली अंगात. सिंधूबाई वीस-बाविशीची, चार दिवसांची बाळंतीण. ती काही बोलली नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की कोणी तिच्या डोक्यावर पाण्याचा हंडा ठेवत नाहीये. सासू स्वतः विहिरीवर जात होती. देवीला कोण पाणी भरायला लावणार? सिंधूबाईने ठरवलं, आठवडाभराने सांगू. मग महिन्याने. मग परमेश्वर पोटात राहिला तेव्हा ती दर पंधरवड्याला बांगड्या भरायच्या नावाखाली सेनगावला जाऊन बीपी मोजून यायची. त्या नऊ महिन्यांत तिने इतक्या बांगड्या भरल्या की कोपरापर्यंत गेल्या.

पहिली दोन वर्षं ती पाटावर नुसती डुलली. पुढे पुढे समोरची बाई रडायला लागली की तोंडून जे निघे, ते तिचं तिलाच नवं वाटायचं. त्यामुळे आई अंगात येतच नाही, असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. पण गाव ज्या दिवशी ती आली म्हणतं, त्या दिवशी ती आली नव्हती. हे मात्र पक्कं.

"बोल बाई," सिंधूबाई जाड आवाजात म्हणाली.

"आई," रागिणीने पर्समधून कागद आणि पेन काढलं, "मी पोटात होते तवा माझ्या मायचं बीपी चढलं होतं का? झटके आले होते का? व्हय का न्हाई, एवढंच सांगा. उद्या कागद द्यायचा हाय."

हलगी थांबली. ग्यानोबाच्या रांगेतली माणसंसुद्धा वळली. यंत्राचा पट्टा कोणाच्या तरी दंडावर फुगून तसाच राहिला.

सिंधूबाई डुलत राहिली. "तुझ्या मायला इचार."

"सकाळपासून इचारायला फिरून राहिले, आई. सापडून न्हाई राहिली."

"सापडंल."

"कवा?"

"मी गेल्यावर."

"मंग तुमी जा ना," रागिणीने हात जोडले. "लई उपकार होतील."

रागिणीच्या मागे उभी असलेली बाई पुढे झाली. "अगं, असं कसं जा? आमी नऊच्या गाडीनं येऊन राहिलो. माझ्या सुनंचं इचारायचं हाय!"

"माझंबी दोन मिनिटांचं काम हाय, मावशी."

"देवीला कोणी निघ म्हणतं का?"

"मी कुठं निघ म्हणून राहिले? मायला येऊ द्या म्हणून राहिले."

सिंधूबाईने एक डोळा उघडला. समोर लेक उभी होती, हातात कागद, आणि पेनचं टोपण दातात. चेहऱ्यावर चिडचिड होती. सिंधूबाईने आजवर या पाटावरून किती पोटुश्या बायांना बीपी मोज म्हटलं असेल? शेकडो. आणि स्वतःच्या लेकीला तिने मेंढी सुटली म्हणून सांगितलं होतं.

दरवर्षी आई जायला दहा मिनिटं घ्यायची. लिंबू फिरवायचं, गुलाल टाकायचा, पाणी शिंपडायचं. यंदा सिंधूबाई उठली, केसांचा बुचडा बांधला आणि बस सुटायला आल्यासारखी पत्र्याच्या खोलीकडे चालू लागली. अकरा सत्तावीस झाले होते.

*

पत्र्याच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे रचलेले होते. घरातली सहा माणसं त्यांवर बसली. दाराला परमेश्वरने आतून कडी घातली होती. मल्हारी वाड्याच्या बाजूच्या खिडकीशी बसला, कारण तिथून मेंढ्या दिसायच्या.

"ताई, तुला कळतं का काही?" परमेश्वर सुरू झाला. "बाहेर दोनशे माणूस बसलंय. आज कागदावर झटके म्हणून लिहिलं, उद्या गाव म्हणल, सव्वीस वर्षं आमी फिट आलेल्या बाईच्या पाया पडून राहिलो. माझा वॉर्ड गेला समज."

"तुझा वॉर्ड गेला तर पाच वर्षांनी परत येईल," रागिणी म्हणाली. "माझं लेकरू?"

"अगं पण तुला काही झालेलं न्हाई अजून!"

"झाल्यावर गोळी चालत न्हाई. म्हणून तर आत्ता इचारून राहिले."

"प्रीइक्लॅम्पसिया," ग्यानोबा म्हणाला. हा शब्द त्याने हिंगोली ते जवळा बाजार मोटारसायकलवर पाठ केला होता आणि तो वापरायची संधी सोडत नव्हता. "आकडा आलाय एकशे दहात एक. शंभराच्या आत आला की गोळी सुरू."

मल्हारी खिडकीतून वळला. "एकशे दहात एक म्हंजी?"

"एकशे दहा बाया असल्या मामा, तर त्यातल्या एकीला होतं."

"कोणत्या?"

"ते न्हाई सांगत."

"मंग काय सांगितलं तिनं? माझ्या वाड्यात बराबर एकशे दहा मेंढ्या हायत. त्यातली एक जाणार, एवढं ऐकून मी घोंगडी घेऊन झोपू का?"

"अंदाज असतो मामा तो."

"अंदाज मीबी लावतो. पण मी मेंढीची माय बघतो." मल्हारीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ती खैरी बघा. हिची माय व्यायला अडली होती. हिच्या मायची मायबी अडली होती. म्हणून खैरी गाभण कळली की मी तिला लांब नेत न्हाई, घराजवळ चारतो. आता ती अडल का न अडल, मला काय ठाऊक? गेल्या दोन खेपा सुटसुटीत व्याली. पण डोळा ठेवला म्हणून माझं काय गेलं?"

"हेच!" ग्यानोबा कट्ट्यावरून उठला. "मामा, डॉक्टरीणबाई हेच म्हणून राहिल्या! तुमचीच पद्धत!"

"अप्पा, मेंढ्यांचं राहू द्या," परमेश्वर म्हणाला. "आजी, तू सांग. आई आली होती का न्हाई अंगात?"

रुख्मिणीबाई सर्वांत वरच्या कट्ट्यावर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे, पाय लोंबकळत. तिने परमेश्वरकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. परमेश्वरने तो होकार धरला.

मल्हारीचं मात्र दुसरीकडेच लक्ष लागलं होतं. वाड्यातल्या कोणत्याही मेंढीच्या मायेकडच्या पाच पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. कोणती अडली, कोणती गाभडली, कोणतीला जुळं झालं. रागिणी जन्मली तेव्हा तो मेंढरं घेऊन पुसदकडे होता. एकोणीस दिवसांनी परतला. त्याच्या मायने, रुख्मिणीबाईने, सांगितलं, देवी आली होती सुनेच्या अंगात. त्याने नारळ फोडला आणि मेंढ्या मोजायला गेला.

"अगं," तो सिंधूबाईला म्हणाला, "तुला झालं काय होतं?"

सिंधूबाई पदराच्या टोकाने कपाळावरची हळद पुसत होती. हात थांबला. "आज इचारून राहिले?"

"तेव्हा नव्हतो ना मी."

"एकोणीस दिवसांनी होते."

मल्हारीने मान खाली घातली. सिंधूबाईने लेकीच्या हातातला कागद ओढून घेतला, वाचता येत नसल्यासारखा लांब धरला, आणि सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर, बीपी, झटके, सेनगावच्या बांगड्या. "व्हय लिही," ती रागिणीला म्हणाली. "म्या खोटी हाय. गावाला सांगायचं तर सांगा. पण लिही."

मग ती सासूकडे वळली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आत्याबाई, तुमी मला देवी समजून पाणी भरलं. पाच वर्षं. मला तवाच सांगायला पायजे होतं. पण हंडा लई जड होता."

परमेश्वरने डोक्याला हात लावला. "आजी, ऐकलंस का? सव्वीस वर्षं फसवलं हिनं तुला."

"मला?" रुख्मिणीबाई म्हणाली. "मला कोण फसवतं रे?"

ती खाली उतरायला लागली. ग्यानोबाने हात दिला, तो तिने घेतला नाही.

"डॉक्टरनं हिला सांगायच्या आधी मला सांगितलं. जीपमधून मीच नेली होती, दुसरं कोण होतं? बीपीचे झटके, म्हणे. मला काय बीपी कळतंय तवा? पण घरी मल्हारीचे चुलते टपून बसले होते. जीपवाल्यानं गावात झटक्यांचं सांगितलं तवापासून बोलून राहिले होते, फेफऱ्याची सून गळ्यात बांधली, बाळंत झाली की परस्पर माहेरी घाला, मल्हारीला दुसरी बघू. एकानं तर पोरगीबी बघून ठेवली होती. मल्हारी पुसदला. मी बाई माणूस, कोणाकोणाला बीपी समजावू?" तिने सुनेकडे बघितलं. "फेफऱ्याची सून माघारी धाडता येती. देवी कुठं धाडतील?"

खोलीत कोणी बोललं नाही. ग्यानोबाने मोजलं असतं तर कदाचित आज पहिल्यांदाच बीपी बराबर आलं असतं.

"म्हंजी," सिंधूबाई हळूहळू म्हणाली, "तुमाला ठाऊक होतं."

"व्हय."

"आन् पाणी?"

"डॉक्टर म्हणला, सहा महिने वजन उचलू देऊ नका. पुढं सवय पडली."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू त्या पाटावर धड बसली असतीस का? तुला खोटं बोलता येतं का? तुझं तोंड लगेच पडतं."

सिंधूबाईचं तोंड पडलंच होतं. आता ते लाल झालं. "म्हंजी दर माघात मी डुलून राहिले, केस उडवून राहिले, आन् तुमी खाली बसून मजा बघून राहिल्या?"

"पहिल्या वर्षी हसले. पदर तोंडात घालून. दुसऱ्या वर्षीबी थोडी." रुख्मिणीबाईचा आवाज खाली आला. "पण ती पूजा आली होती, वरच्या गल्लीची, सहावा महिना, टम्म सुजलेली. घरचे म्हणून राहिले, अंगावर मांस चढलं. तू पाटावरून ओरडलीस, आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्या. नेली म्हणून वाचली. त्या दिवशी म्या पाया पडले तुझ्या. ते तुझ्या पडले का आईच्या, मला आजबी सांगता यायचं न्हाई."

रागिणीने पेनचं टोपण दातातून काढलं आणि 'होय'वर खूण केली. खूण करताना कागदावर एक थेंब पडला. तो तिने बाहीने टिपला आणि नाक ओढलं.

"झालं," परमेश्वर म्हणाला. "आता बाहेर काय सांगू? लाईनीत चौदा बाया हायत."

"सांग, आईला उद्या दवाखान्यात जायचं हाय," रुख्मिणीबाई म्हणाली.

"देवी दवाखान्यात?"

"काहून? वीस वर्षं लोकांला धाडून राहिली, एकदा स्वतः गेली तर काय बिघडतं? आन् सांग, ज्या बाईला आईला इचारायचं हाय तिनं आधी जावयाच्या मशिनीवर बीपी मोजून यायचं. गुपचूप बसून. पाच मिनिटं."

परमेश्वर दार उघडून बाहेर गेला. त्याने माईक घेतला. खोलीतल्यांनी कान दिले. त्याच्या आवाजात आधी भीती होती, मग तो सुधारला, आणि शेवटी त्याने "आमच्या पॅनेलतर्फे बीपी तपासणी मोफत" असंही जोडून दिलं.

"मोफत माझं यंत्र," ग्यानोबा म्हणाला.

दुपारी दोनपर्यंत रांग एकच झाली होती. सव्वादोनला यंत्राचे सेल संपले.

*

बुधवारी त्यांनी सकाळची एसटी धरली. दोघं जायची होती, पाच गेली. परमेश्वर प्रचाराला मागे राहिला. मल्हारीने आयुष्यात पहिल्यांदा वाडा शेजाऱ्याच्या भरवशावर सोडला आणि सेनगावपर्यंत दोन वेळा फोन केला, खैरी कुठे आहे ते विचारायला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर रागिणी, दुसरीवर रुख्मिणीबाई. बाकीचे भिंतीला टेकून.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, कॉम्प्युटरवर खूण केली. थोडा वेळ गेला. ग्यानोबा पडद्यावर वाकला, डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताने मागे सारलं.

"एकशे दहाचा आकडा आता साठाच्या घरात आलाय," त्या म्हणाल्या. "गोळी सुरू करायची. रोज झोपताना, न चुकता, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. दर पंधरवड्याला बीपी. आणि नीट ऐका, याचा अर्थ होणारच असा नाही."

"ठाऊक हाय आमाला," मल्हारी भिंतीपाशी म्हणाला. "कोणती ते सांगता येत न्हाई. जवळ चारायची."

डॉक्टरीणबाईंनी रागिणीकडे बघितलं. रागिणीने मान हलवली, म्हणजे हे बरोबर आहे.

"दोन दिवस उशीर केला असता तरी चाललं असतं," डॉक्टरीणबाई पेन उघडत म्हणाल्या, "पण दोन महिने केला असता तर नाही. बरं झालं विचारलंत. सगळ्यांच्या आया सांगत नाहीत."

सिंधूबाईने पदर सारखा केला. कपाळाला आज फक्त टिकली होती.

"आता आई, तुम्हीच सांगा, फाइलला लिहून ठेवते. बाळंतपणाच्या आधी की नंतर?"

"आधी. हिच्या जन्माच्या दिवशी."

"किती झटके आले, आठवतं?"

"तीन," सिंधूबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणला होता, तीन."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं.

"पाच," रुख्मिणीबाई म्हणाली.

"आत्याबाई, डॉक्टरनं स्वतः सांगितलं मला. तीन."

"त्याला काय ठाऊक? दवाखान्यात तीन. दोन जीपमध्ये आले." म्हातारी खुर्चीत सरळ झाली. "पहिला पुलावर. दुसरा फाट्याच्या अलीकडं. तुझं डोस्कं माझ्या मांडीवर होतं. जीपमध्ये डॉक्टर नव्हता, आन् तू शुद्धीत नव्हतीस. मी मोजले."

डॉक्टरीणबाईंनी तीन खोडून पाच लिहिलं.